बाबांचे शेरे आणि माझं मार्कडाऊन

३ ऑगस्ट २०२५, रविवार. सकाळी ९.१०

# संकल्प

ही डायरी कागदाची आहे, तरी वर पेनाने हॅश काढला. सवय लागली पाहिजे.

शुक्रवारी ऑफिसात पायलने मार्कडाऊन शिकवलं. पायल म्हणजे आमची टीम लीड. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण ते असो. ओळीच्या आधी हॅश दिला की शीर्षक, शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे दिले की ठळक. माउस नको, मेनू नको. फाईल साधी टेक्स्टच राहते आणि प्रीव्ह्यू उघडला की सजूनधजून समोर येते. बाकीचे जांभया देत होते. मला आयुष्याची दिशा सापडली.

येत्या १४ डिसेंबरला बाबांना जाऊन वर्ष होईल. उमरेडच्या त्यांच्या कॉम्प्युटरवर त्यांची रोजनिशी आहे, २०१९ पासूनची. सगळी एकाच नोटपॅड फाईलमध्ये. तहसील कचेरीत एकतीस वर्षं टायपिस्ट होते, रिटायर झाल्यावर बोटं स्वस्थ बसेनात. दर रविवारी लिहायचे. त्या फाईलचं मी पुस्तक करणार आणि पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आमच्या बौद्ध रीतीच्या वर्षस्मरणाच्या, कार्यक्रमात आईच्या हातात देणार. तसा आईला फोनवर शब्द दिला. ती म्हणाली, बरं. मग विचारलं, जेवला का. मी मीटिंग आहे म्हणून ठेवला. रविवारी कसली मीटिंग, असं भूमिकाने विचारलं. बायकोला प्रत्येक गोष्ट सांगत बसलो तर पुस्तक व्हायचं नाही.

ऑगस्ट फॉरमॅटिंग. सप्टेंबर छपाई. ऑक्टोबर-नोव्हेंबर राखीव.

१० ऑगस्ट, रविवार. उमरेडहून नागपूरला परतताना एसटीत

काम फत्ते. फाईल ड्राइव्हवर टाकली आणि माझ्या लॅपटॉपला जोडली. आता उमरेडची फाईल आणि माझी फाईल एकच. इतकं सहज झालं की लक्षात ठेवण्यासारखंही काही नाही.

आईने पातोडीचा रस्सा केला होता. लॅपटॉपवर सांडू नये म्हणून मी उभ्याउभ्या जेवलो. ती कॉम्प्युटरबद्दलच काहीतरी सांगू पाहत होती, हे बटण असं, ते बटण तसं. मी म्हटलं, आई, तू यात डोकं घालू नको. चौथी पास बाई. टीव्हीचा रिमोट उलटा धरते.

१७ ऑगस्ट, रविवार

प्रीव्ह्यू उघडला. धक्का.

बाबांची प्रत्येक ओळ करड्या चौकटीत अडकलेली. शोध घेतला. टाईपरायटरच्या सवयीने ते प्रत्येक परिच्छेदाआधी पाच जागा सोडत. मार्कडाऊनमध्ये चार जागा सुटल्या की तो समजतो, हा कॉम्प्युटरचा कोड आहे, आणि चौकटीत टाकतो. चौकटीत ओळ मोडत नाही. त्यामुळे बाबांची वाक्यं उजवीकडे चालत चालत स्क्रीनच्या बाहेर निघून जातात. 'आज सकाळी उठून' इथपर्यंत दिसतं. पुढे ते कुठे गेले कळत नाही.

दुसरी गोष्ट जास्त वाईट. कचेरीतल्यासारखा बाबा दर रविवारच्या शेवटी एका ओळीचा शेरा लिहीत आणि त्याच्याखाली डॅश-डॅश-डॅश करून रेघ मारत. मार्कडाऊनमध्ये ओळीखाली डॅशची रेघ म्हणजे शीर्षक. सगळे शेरे भलेमोठे, काळेकुट्ट होऊन बसलेत.

डाव्या गुडघ्यात कळ.

नळ दुपारनंतर आला.

बाबा जन्मभर हळू बोलले. मला दोनदा विचारावं लागायचं, काय म्हणालात? आता लॅपटॉप उघडला की अंगावर ओरडतात. झाकण लावलं.

१८ ऑगस्ट, सोमवार

पायलला विचारलं, मित्राच्या फाईलमध्ये असं होतंय. ती म्हणाली, जागा काढा, रेघेच्या वर एक ओळ रिकामी सोडा, दहा मिनिटांचं काम आहे. पण त्याआधी मित्राला म्हणावं फाईल एकदा वाचून घे. मी म्हटलं, वाचन शेवटच्या टप्प्यात. आधी संरचना.

३१ ऑगस्ट, रविवार

जागा अजून काढलेल्या नाहीत. त्याहून मोठं काम केलं. प्रत्येक नोंद 'रविवार' या शब्दाने सुरू होते, म्हणून सगळीकडे 'रविवार'च्या जागी '# रविवार' एका झटक्यात घातलं. तारखांची शीर्षकं तयार. आता वाक्याच्या मध्येसुद्धा 'पुढल्या # रविवारी' असं दिसतं. किरकोळ आहे.

७ सप्टेंबर, रविवार. ११.२०

भूमिका म्हणाली, अकरा वाजून गेले, आईंना फोन करा. दर रविवारी अकराला उमरेडला फोन, असं मीच कधीकाळी ठरवलं होतं. पण सध्या अकराची वेळ बाबांच्या पुस्तकाला दिली आहे. म्हणजे वेळ घरच्यांनाच गेली. हे तिला समजावून सांगण्यात पाऊण तास गेला. पुस्तक राहिलं.

२१ सप्टेंबर, रविवार

प्रस्तावना पूर्ण. 'बाबा आणि मी मित्रासारखे होतो. दर रविवारी अकरा वाजता आमचा फोन ठरलेला असे.' वाचताना डोळ्यांत पाणी आलं. ठरलेला असे, यात खोटं काहीच नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दुपार

सुट्टी. धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी आई उमरेडच्या बायकांबरोबर सकाळीच दीक्षाभूमीवर आली होती. भेटतो म्हणालो होतो. गर्दी इतकी की निघण्यात अर्थ नव्हता, शिवाय अनुक्रमणिका करायला घेतली होती.

मार्कडाऊनची ही कमाल आहे. सगळी शीर्षकं गोळा करून डावीकडे अनुक्रमणिका आपोआप लागते. पट्टी अरुंद असल्यामुळे लांब शीर्षक अर्ध्यावर कापून पुढे तीन टिंबं देते. शेरेही शीर्षकं झालेत, म्हणून तेही आले.

प्रेमानंदचा फोन नाही…

प्रेमानंदचा फोन नाही…

गुडघा बरा.

प्रेमानंदचा फोन नाही…

प्रेमानंदचा फोन आला. दोन मिनिटे…

प्रेमानंदचा फोन नाही…

मी खाली सरकवत गेलो. संपेना. पानंच्या पानं माझं नाव. हा सॉफ्टवेअरचा दोष असणार, एकच ओळ पुन्हा पुन्हा उचलत असेल. पायलला विचारलं पाहिजे. मित्राच्या नावाने नको, आता मित्रावरही विश्वास बसणार नाही.

हाताला घाम आला होता. ऑक्टोबरची गरमी.

५ ऑक्टोबर, रविवार. दुपारी ४

अनुक्रमणिकेच्या तळाशी गेलो. जायला नको होतं.

बाबा १४ डिसेंबर २०२४ ला गेले. त्याच्या आधीच्या रविवारी नोंद आहे. ठीक. त्याच्या नंतरच्या रविवारीही आहे. त्याच्या नंतरच्याही. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. एकही रविवार चुकलेला नाही. तशाच पाच जागा, तसाच शेरा, तशीच रेघ. आणि सगळ्यात शेवटी आजची तारीख.

वाचलं. शब्द न शब्द इथे उतरवून ठेवतो. 'गुरुवारी दीक्षाभूमीवर जाणे झाले. गेटापाशी तीन वाजेपर्यंत थांबणे झाले. फाईलमध्ये रविवारच्या आधी खाटेची जाळी आपोआप उमटली आहे. हे तुम्ही करता काय?'

उमरेडच्या घरात मला कोणी 'तुम्ही' म्हणत नाही. बाबा तर नाहीच. फक्त बारावीच्या निकालाच्या दिवशी म्हणाले होते. म्हणजे ते फार रागावले आहेत.

६ ऑक्टोबर, सोमवार

आम्ही बौद्ध माणसं. भूतखेत मानत नाही. ज्या घरात बाबांनी लिंबू-मिरची कधी दाराला लागू दिली नाही, त्याच घरात बाबा स्वतः असलं काही करतील हे शक्य नाही. हा व्हायरस आहे. लॅपटॉपचा पासवर्ड बदलला. लॅपटॉप भिंतीकडे तोंड करून ठेवला. भूमिकाला सगळं सांगितलं, ती म्हणाली, आईंना फोन करून विचारा ना. मी म्हटलं, टेक्निकल माणूस आधी पुरावे गोळा करतो.

१२ ऑक्टोबर, रविवार. उमरेड

पुरावे:

बाबांच्या कॉम्प्युटरवर धूळ नाही. दहा महिने झाले, धुळीचा कण नाही. पडद्याशेजारी एक चष्मा. बाबांचा तो नव्हे. कळांवर पिवळे ठसे. वास घेतला. हळद.

शेवटच्या आजारात बाबांना रोज हळदीचं दूध देत असत.

आई स्वयंपाकघरातून पाहत होती. तिला घाबरवायला नको म्हणून काही बोललो नाही. ती म्हणाली, बस ना गा घडीभर. मी म्हटलं, एसटी जाईल. रामदासपेठेतल्या ऑफिसात पोचेपर्यंत हळदीचा वास नाकात होता. रविवारी ऑफिस बंद असतं हे तिथे गेल्यावर आठवलं. वॉचमनजवळ थोडा वेळ बसलो. जिवंत माणसाजवळ बरं वाटतं.

१३ ऑक्टोबर, सोमवार. ऑफिस, जेवणाची सुट्टी

कालची नोंद आली आहे. मोठ्या काळ्या अक्षरांत:

प्रेमानंद येऊन गेला. कीबोर्डचा वास घेतला. बोलणे झाले नाही.

डबा खाल्ला नाही. पायलने विचारलं, बरं नाही का. मी म्हटलं, पित्त.

म्हणजे बाबा खोलीत होते. मी आलो तेव्हा होते, वाकून कळा हुंगत होतो तेव्हाही होते. दोन मिनिटं बसलो असतो तर काय बोलले असते, हे आता कळायचं नाही. विचार करायचा नाही असं ठरवलं. चार वाजेपर्यंत तोच विचार केला.

२६ ऑक्टोबर, रविवार

संपादकीय निर्णय. शेरे काढून टाकणे.

कारणं. एक, पुनरुक्ती. दोन, वाचकांना गुडघ्यात रस नाही. तीन, काही शेरे व्यक्तिगत असून त्यांतून एका व्यक्तीबद्दल गैरसमज होऊ शकतो. रेघेच्या वरची ओळ आणि रेघ, दोन्ही शोधून उडवायची युक्ती इंटरनेटवर मिळाली. तीनशे बेचाळीस शेरे. एक कळ दाबली. गेले.

पानं एकदम शांत झाली. मी मोठ्याने म्हणालो, बाबा, माफ करा, पुस्तकाच्या दृष्टीने गरजेचं होतं. घरात कोणी नव्हतं.

आता फाईलच्या तळाशी जायचं नाही. तो भाग पुस्तकात नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

इतवारीत प्रेसवाल्या विश्वनाथभाऊंकडे फाईल दिली. मार्कडाऊन म्हणजे काय हे त्यांना पंधरा मिनिटं समजावलं. ते पान जुळवत ऐकत होते. मग म्हणाले, वर्डमध्ये आहे का? नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्यासमोर सगळा मजकूर उचलून वर्डमध्ये ओतला. साडेतीन महिन्यांची संरचना दोन सेकंदांत. म्हटलं, हॅश तेवढे काढा. ते म्हणाले, पाहू.

शंभर प्रती सांगितल्या.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी ११.४०

आईचा फोन आला. ती स्वतः कधी करत नाही. माणूस कामात असेल म्हणते.

ऑफिसच्या जिन्यात जाऊन घेतला. तिने आधी विचारलं, जेवला का. मग म्हणाली, "प्रेमा, तुह्या मशीनवर बाबाचे शेरे दिसते काय गा? इथचे सारे गेले."

मी विचारलं, तुला कसं माहीत.

"मीच तं लिहितो. त्यायचे डोळे गेले तवापासून मीच टाईप करून राहिली. ते सांगे, मी मारू. एका बोटानं. तुले सांगत होती मी, तू आयकलं नाही."

मी विचारलं, आणि बाबा गेल्यावर?

"गेल्यावर काहून थांबू? रविवार तं येतेच."

जिन्यात बसलो. मग तिने जे सांगितलं ते इथे लिहिणं जड जातंय, पण लिहितो. आधी रविवारपुढे जाळ्या उमटल्या, म्हणजे माझे हॅश. तिला वाटलं, हे बाबा आहेत, काही सांगू पाहतात. मग महिन्याभरापूर्वी शेरे गेले. "मी हे मानत नाही गा, तुले माहीत आहे. पण मले वाटलं, त्यायनंच नेले. माह्यावर रागावले. महिना झाला, वाट पाहून राहिली. कोणाले सांगू? म्हटलं, परत देतीन."

मी म्हणालो, सॉफ्टवेअरमध्ये बिघाड झाला.

ती म्हणाली, "असू दे. मले पाठ आहे. लिहून काढतो."

२९ नोव्हेंबर, शनिवार

ड्राइव्हवर जुनी आवृत्ती परत मिळते. शोधून काढलं. तीस दिवसांपर्यंत मिळते. आज चौतिसावा दिवस. भूमिकाने विचारलं, फाईलची एक प्रत काढून ठेवली नव्हती का. मी म्हटलं, आत्मविश्वास असला की प्रत लागत नाही. ती उठून गेली.

३० नोव्हेंबर, रविवार. सकाळी १० ते दुपारी १

प्रीव्ह्यू उघडून बसलो आहे. २०१९ पासून शेरे परत येत आहेत. एकेक अक्षर. मध्येच थांबतं, दोन अक्षरं मागे जातं, पुन्हा येतं. माझ्या डोळ्यांसमोर, कोणी नसताना. आता कोण आहे हे ठाऊक आहे, तरी मानेवर थंड हवा लागल्यासारखं होतं.

पहिल्यांदाच पूर्ण ओळ वाचतो आहे. अनुक्रमणिकेत तीन टिंबांपुढे काय होतं ते पाहिलंच नव्हतं.

प्रेमानंदचा फोन नाही. कामात असेल. मुद्दाम करू नये.

प्रेमानंदचा फोन नाही. आपलाच फोन चार्जिंगला होता, लागला नसेल.

प्रेमानंदचा फोन आला. दोन मिनिटे. आवाज बसलेला. आल्याचा चहा घे म्हणायचे राहिले.

प्रेमानंदचा फोन नाही. नागपुरात आज ऊन फार आहे.

माझ्यासाठी इतक्या सबबी मलासुद्धा सुचल्या नसत्या. आणि मी त्या गैरसमज म्हणून उडवल्या.

जेवायला बोलावलं तेव्हा मला उठवेना. भूमिकाने ताट तिथेच आणून ठेवलं.

५ डिसेंबर, शुक्रवार

प्रती आल्या. शंभर. प्रत्येक रविवारच्या आधी हॅश तसाच छापलेला आहे. शेरा एकही नाही. मात्र माझी प्रस्तावना बिनचूक छापली गेली आहे, मित्रासारखे होतो त्यासकट. गठ्ठा पलंगाखाली सरकवला. कार्यक्रमात आई कॉम्प्युटरवरून वाचेल असं सांगायचं. सांगण्यासाठी फोन करावा लागेल.

७ डिसेंबर, रविवार. ११.००

फोन लावला. बरोबर अकराला. घड्याळ पाहून. काय बोलायचं ते कागदावर काढलं होतं, तारे-हॅश न घालता. बिघाड नव्हता, मीच उडवले. आवाज बरा आहे. आल्याचा चहा घेतो.

वाजून वाजून बंद झाला.

११.०६. पुन्हा. नाही.

११.१५. पुन्हा. नाही. भूमिका म्हणाली, शेजारी कोणाला लावून पाहा. मला भीती वाटली, वेगळी, खरी. लॅपटॉप उघडला.

११.२१. फाईलच्या तळाशी आजची तारीख येत होती. हळूहळू, एका बोटाने. 'शेरे लिहिणे चालू. २०२१ चा मे झाला. अजून पुष्कळ आहे.' मग शेरा आला.

प्रेमानंदचा फोन तीनदा. उचलला नाही. कामात आहे.